रुग्णालयात झालेला जीवाणूसंसर्ग आणि वैद्यकीय निष्काळजीपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरे होण्यासाठी रुग्णालयात गेलेल्या माणसाला तेथेच नवा संसर्ग झाला, तर घरच्यांच्या मनात संताप आणि संशय एकदमच उभे राहतात. हा संशय पुष्कळदा रास्त असतो, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी रोखलेला असतो. जंतू शरीरात नेमका कोणत्या क्षणी शिरला, याचा शोध घेण्यातच सगळी शक्ती खर्च होते आणि संसर्गाची चिन्हे दिसू लागल्यावर कोणी काय केले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. पुढील उत्तरे हा दुसरा प्रश्न नजरेसमोर ठेवून लिहिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात आपल्या ठिकाणचा कायदा जाणणाऱ्या वकिलाचा आणि स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टरचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

रुग्णालयात झालेला संसर्ग कशाला म्हणतात?

रुग्ण दाखल झाला तेव्हा जो संसर्ग त्याच्या शरीरात नव्हता, आणि ज्याचा अधिशयन काळही (जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) तेव्हा सुरू झालेला नव्हता, तो रुग्णालयात झालेला संसर्ग मानला जातो. व्यवहारात त्यासाठी ४८ तासांची ढोबळ मर्यादा वापरतात. दाखल झाल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर लक्षणे सुरू झाली, तर संसर्ग तेथेच झाला असावा असे धरले जाते. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग मात्र घरी गेल्यानंतरही दिसू शकतो. म्हणून त्यासाठी साधारण ३० दिवसांचा काळ पाहतात आणि कृत्रिम सांधा किंवा तत्सम इम्प्लांट बसवले असेल, तर ९० दिवसांपर्यंतचा काळ विचारात घेतात. टाके काढून आठवडा झाल्यावर जखम चिघळली, तरी ती याच व्याख्येत बसू शकते.

यात कोणते आजार प्रामुख्याने येतात?

लघवीच्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमधून रक्तात शिरणारा संसर्ग, व्हेंटिलेटरवरील रुग्णाला होणारा न्यूमोनिया आणि शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग हे चार प्रमुख प्रकार आहेत. अँटिबायोटिक औषधांमुळे आतड्यांतील नेहमीचे जीवाणू कमी झाल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जीवाणूमुळे होणारे तीव्र जुलाब हा पाचवा प्रकार, आणि तो बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो.

हे जीवाणू येतात कोठून?

बरेचसे जीवाणू रुग्णाच्याच अंगावर आणि आतड्यांत असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात असतो आणि एरवी काही त्रास देत नाही. त्वचेवर छेद दिला किंवा नळी घातली की त्याला आत जायला वाट मिळते. दुसरा मार्ग कर्मचाऱ्यांच्या हातांचा आहे. एका रुग्णाची जखम हाताळून हात न धुता दुसऱ्याच्या सलाईनच्या नळीला स्पर्श केला, की जंतू पुढे सरकतो.

तिसरा स्रोत म्हणजे परिसर : खाटेचा कठडा, रक्तदाब मोजण्याचा पट्टा, स्टेथोस्कोप, सिंक, नळ. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरू शकतो. स्यूडोमोनासला ओल मानवते, त्यामुळे तो सिंकच्या तोंडाशी आणि ओलसर उपकरणांत सापडतो. एकाच वॉर्डात थोड्या दिवसांत अनेक रुग्णांना एकाच प्रकारचा जीवाणू झाला, तर तो परिसरातून किंवा हातांमार्फत पसरत असल्याचा दाट संशय घ्यावा लागतो.

असे संसर्ग पूर्णपणे टाळता येतात का?

पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण फार मोठ्या प्रमाणात टाळता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तीव्र आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांतील दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७ जणांना आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना किमान एक संसर्ग रुग्णालयात होतो. हातांची स्वच्छता आणि इतर साध्या उपायांनी यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग रोखता येतात, असेही हा अहवाल सांगतो.

अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण याबाबत डोळे उघडणारे आहे. तेथील शंभराहून अधिक आयसीयूंनी सेंट्रल लाइन घालताना पाच गोष्टी नेमाने करायच्या ठरवल्या : हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, शक्य असेल तेथे जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षाच्या काळात रक्तातील संसर्गाचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. यासाठी नवे औषध लागले नाही की महागडे यंत्रही लागले नाही. त्यामुळे ‘आयसीयूत असे व्हायचेच’ हे वाक्य ऐकले, तर ते निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.

मग संसर्ग झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे म्हणता येईल का?

असे म्हणता येणार नाही. सर्व नियम पाळूनही काही रुग्णांना संसर्ग होतो. मधुमेह, कुपोषण, कर्करोगाचे उपचार, वार्धक्य, धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे अशा कारणांनी शरीराचा प्रतिकार आधीच क्षीण झालेला असतो. म्हणून केवळ परिणाम वाईट झाला, एवढ्यावरून दोष ठरवता येत नाही. अपेक्षित काळजी आणि प्रत्यक्ष घेतलेली काळजी यांत तफावत होती का, आणि त्या तफावतीमुळेच नुकसान झाले का, हे पाहावे लागते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय आले, तरच निष्काळजीपणाचा दावा उभा राहतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी कोणती काळजी अपेक्षित असते?

उपकरणे निर्जंतुक केलेली असावीत आणि ऑटोक्लेव्हच्या (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) प्रत्येक फेरीची चाचणीसह नोंद असावी. छेदाच्या जागेवरचे केस काढणे अगदी आवश्यक असेल, तर ते क्लिपरने काढावेत, वस्तऱ्याने नव्हे, कारण वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत जीवाणू वाढतात. ज्या शस्त्रक्रियांत प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यावयाचे असते, तेथे बहुतेक औषधांचा डोस छेद देण्यापूर्वीच्या तासाभरात दिला जातो. छेद दिल्यानंतर दिलेल्या डोसाचा उपयोग बराच घटतो. भूल दिलेल्या रुग्णाचे शरीर थंड पडू न देणे आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हेही संसर्ग रोखण्याचेच उपाय आहेत. या बहुतेक गोष्टींची वेळेसह नोंद भूलतज्ज्ञांच्या कागदावर असते. म्हणून तो कागद मागून घ्यावा.

लघवीची नळी, सलाईन आणि सेंट्रल लाइन यांबाबत काय पाहावे?

नळी का घातली, यापेक्षा ती अजून का ठेवली आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. लघवीची नळी शरीरात राहिल्यास लघवीत जीवाणू सापडण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. रुग्ण हिंडूफिरू लागला तरी केवळ सोयीसाठी नळी तशीच ठेवली जात असेल, तर ती काढण्याबद्दल विचारावे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि जमिनीला टेकलेली नसावी. सेंट्रल लाइनवरचे पारदर्शक ड्रेसिंग सुटलेले, ओले किंवा मळलेले दिसले, तर सिस्टरांच्या लगेच लक्षात आणून द्यावे. लाइन रोज तपासली जाते का आणि ‘आज तिची गरज आहे का’ याची नोंद होते का, हे विचारण्यात अजिबात उद्धटपणा नाही.

हात धुण्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण त्याचा पुरावा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आले, की शवविच्छेदन करून थेट प्रसूती करायला येणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी अधिक संख्येने दगावतात. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि १८४७ च्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आला. तेव्हा जीवाणूंचा सिद्धान्त मांडला जायचा होता आणि त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष स्वीकारले नाहीत.

आज कारण सर्वांना ठाऊक आहे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यानंतर असे हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत. हातमोजे घातल्याने यातून सुटका होत नाही. तसेच क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तेथे साबण आणि पाणीच लागते.

संसर्ग ओळखायला उशीर झाला, तर तो निष्काळजीपणा ठरतो का?

ठरू शकतो. किंबहुना जे दावे टिकतात, त्यांतील बऱ्याच दाव्यांचा गाभा हाच असतो. जंतू कोणाच्या हातून आला, हे सांगणारा साक्षीदार सहसा मिळत नाही. उशीर मात्र कागदावर तारीख-वेळेसह उतरलेला असतो.

समजा, एका रुग्णाच्या गुडघ्याच्या सांधारोपणानंतरची ही चौथी रात्र आहे. तक्त्यावर रात्री १० वाजता ताप ३८.४ अंश सेल्सिअस आणि नाडी १०४ अशी नोंद आहे. पहाटे २ वाजता नाडी १२२, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब ९४/५८ आणि शेरा आहे, ‘रुग्ण बरळत आहे’. ‘डॉक्टरांना कळवले’ हा रकाना मात्र रिकामा आहे. सकाळी ६ ची नोंदच नाही. साडेनऊच्या राऊंडला तापाची गोळी लिहून दिली आहे. रक्ताचे कल्चर (नमुन्यातील जीवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) ११ वाजता पाठवले आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस दुपारी २ वाजता दिला आहे.

पहाटे २ वाजताचे आकडे वाचणाऱ्या कोणाही प्रशिक्षित व्यक्तीच्या मनात सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे शरीरातील अवयव बिघडू लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेची, शंका यायलाच हवी होती. सेप्सिसची शक्यता दाट असेल तेव्हा तासाभरात अँटिबायोटिक सुरू करावे आणि शक्यतो त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यावे, अशी मान्यताप्राप्त मार्गदर्शक तत्त्वे आहेत. येथे बारा तास गेले. या बारा तासांत मूत्रपिंडे निकामी झाली असतील, तर शस्त्रक्रिया कितीही निर्दोष झालेली असो, त्या रात्रीचे उत्तर रुग्णालयाला द्यावेच लागेल.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘आज आई वेगळीच दिसते आहे, नीट बोलत नाही’ असे घरचे सांगतात, तेव्हा ती वैद्यकीय माहिती असते. गोंधळलेपण हे सेप्सिसचे लवकर दिसणारे लक्षण असू शकते. ते सांगूनही कोणी पाहायला आले नाही, तर केव्हा आणि कोणाला सांगितले, हे त्याच वेळी लिहून ठेवावे.

कल्चर रिपोर्टमध्ये काय पाहावे?

नमुना कशाचा होता, तो कधी घेतला, कोणता जीवाणू वाढला आणि कोणत्या औषधांना तो दाद देतो, या चार गोष्टी पाहाव्यात. औषधांच्या नावांपुढे ‘एस’ असेल तर जीवाणू त्या औषधाला संवेदनशील असतो आणि ‘आर’ असेल तर प्रतिरोधक असतो. रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर अंदाजाने औषध देणे योग्यच असते. रिपोर्ट आल्यावर औषध बदलण्याची गरज होती का आणि ते बदलले का, हे मात्र तारखा जुळवून तपासावे. चालू असलेल्या औषधासमोर ‘आर’ आलेला असताना तेच औषध आणखी चार दिवस दिले गेले असेल आणि त्याचे कारण कोठेही लिहिलेले नसेल, तर ही गंभीर त्रुटी आहे. प्रत्येक वाढ म्हणजे संसर्ग असतो, असेही नाही. त्वचेवरचा एखादा जीवाणू रक्ताच्या एकाच बाटलीत वाढला, तर तो नमुना घेताना मिसळलेला असू शकतो.

प्रतिरोधक जीवाणू होता, म्हणून काही करता आले नाही, असे सांगितले तर?

हे खरे असू शकते. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्येच त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये नोंदला गेला. आज क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर यांच्या काही जातींवर फार थोडी औषधे चालतात. तरीही हे उत्तर अर्धेच आहे. असा जीवाणू असलेला रुग्ण वॉर्डात आधीपासून होता का, त्याला वेगळे ठेवले होते का आणि प्रतिरोधकता कळल्यावर तज्ज्ञाचा सल्ला घेतला का, हे प्रश्न शिल्लक राहतातच.

‘जंतू तुमच्याच अंगावरचे होते’ असे म्हटल्याने रुग्णालयाची जबाबदारी संपते का?

संपत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करणे आणि प्रतिबंधक डोस देणे या गोष्टी रुग्णाच्या अंगावरच्या जंतूंसाठीच असतात. त्या योग्य रीतीने झाल्या होत्या का, हा प्रश्न कायम राहतो.

संमतिपत्रावर ‘संसर्गाचा धोका’ लिहिला होता आणि आम्ही सही केली होती. मग दावा करता येतो का?

येतो. सही करणारा उपचारांतील स्वाभाविक धोका स्वीकारतो, हलगर्जीपणाला संमती देत नाही. शिवाय धोका छापील मजकुरात असणे आणि तो समजावून सांगितलेला असणे यांत फरक आहे. अशा परिस्थितीतील समंजस रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो आणि उपलब्ध पर्याय डॉक्टरांनी सांगितले पाहिजेत, अशी भूमिका ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घेतली. अनियंत्रित मधुमेह असलेल्या रुग्णाला संसर्गाचा धोका अधिक होता आणि शस्त्रक्रिया काही आठवडे लांबवता आली असती, तर हे त्याला सांगितले होते का, हे विचारण्याजोगे आहे.

निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी काय दाखवावे लागते?

डॉक्टर किंवा रुग्णालयावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते पाळले गेले नाही, नुकसान झाले आणि ते त्या उणिवेमुळेच झाले, अशा चार पायऱ्या बहुतेक कायद्यांत असतात. पहिली पायरी सहसा वादाची नसते. दुसऱ्या पायरीसाठी अनेक देशांत १९५७ च्या इंग्लंडमधील खटल्यातून आलेली बोलम कसोटी वापरतात. त्या विषयातील जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला जी पद्धत योग्य वाटते, तिच्यानुसार वागणारा डॉक्टर दोषी ठरत नाही, असे ती सांगते. पुढे १९९७ मध्ये बोलिथो खटल्यात तेथील न्यायालयाने म्हटले, की तज्ज्ञांचे असे मत तर्काच्या कसोटीवरही टिकले पाहिजे. ‘सगळे असेच करतात’ एवढे म्हणणे त्यामुळे पुरेसे राहिले नाही.

सर्वांत अवघड पायरी कार्यकारणसंबंधाची असते. योग्य वेळी उपचार मिळाले असते, तर पाय वाचला असता किंवा माणूस जगला असता, याची शक्यता तसे न होण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक होती, हे सामान्यतः दाखवावे लागते. त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत जवळजवळ अपरिहार्य असते. साथीसारखा प्रसार झाला असेल, तर जीवाणूंच्या जनुकक्रमाच्या तपासणीने दोन रुग्णांतील जीवाणू एकाच साखळीतले आहेत का, हे कळू शकते.

जबाबदार कोण, डॉक्टर की रुग्णालय?

प्रसंगानुसार दोघेही असू शकतात. निदान आणि औषधांचे निर्णय डॉक्टरांचे असतात. निर्जंतुकीकरण, पुरेशा परिचारिका, स्वच्छता आणि संसर्गनियंत्रण समितीचे काम ही संस्थेची जबाबदारी असते. चाळीस रुग्णांमागे रात्री एकच परिचारिका ठेवली असेल, तर न भरलेल्या रकान्याचा सगळा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तक्रार लिहिताना या व्यवस्थेकडेही बोट दाखवावे.

सगळ्या देशांत नियम सारखेच आहेत का?

सारखे नाहीत. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानुसार रुग्णालयात झालेल्या संसर्गासाठी संस्थेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. कारण बाहेरचे होते, हे संस्थेलाच दाखवावे लागते. न्यूझीलंडमध्ये दोष न ठरवता भरपाई देणारी सार्वजनिक योजना १९७४ पासून आहे. इंग्लंड आणि भारत येथे दोष दाखवण्याचा भार मुख्यतः तक्रारदारावर असतो. फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा अत्यंत गंभीर असावा लागतो, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले. दावा दाखल करण्याची मुदतही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि ती अनेकदा थोडी असते, त्यामुळे वकिलाला भेटणे लांबवू नये.

कोणती कागदपत्रे मिळवावीत?

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. त्यावर बहुधा ‘संसर्गामुळे मुक्काम वाढला’ एवढेच लिहिलेले असते. संपूर्ण केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधे दिल्याच्या वेळा, शस्त्रक्रियेची आणि भुलेची नोंद, सर्व कल्चर आणि रक्ततपासण्यांचे अहवाल, संमतिपत्रे आणि बिले या सर्वांच्या प्रती लेखी अर्ज करून मागाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. बिलांचा उपयोग अनपेक्षित असतो. एखादे औषध दिल्याची नोंद असूनही बिलात ते नसेल, किंवा उलट असेल, तर तेथे विचारपूस करण्यास जागा असते. जखमेचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. नोंदींत नंतर केलेली खाडाखोड किंवा वेगळ्या शाईतील भर दिसली, तर मूळ कागद पाहण्याची मागणी करावी.

प्रश्न विचारले किंवा तक्रार केली, तर उपचारांवर परिणाम होईल का?

ही भीती खरी असते आणि म्हणूनच पुष्कळ जण गप्प बसतात. दाखल असताना आरोपाऐवजी नेमके प्रश्न विचारणे उपयोगी ठरते : ‘ताप कशाचा आहे असे तुम्हाला वाटते?’, ‘कल्चर पाठवले का?’, ‘आणखी किती वेळात सुधारणा दिसली पाहिजे आणि नाही दिसली तर पुढे काय करणार?’ चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही. उत्तर मिळत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागण्याचा किंवा रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा विचार वेळेत करावा.

आम्हाला पैसे नकोत, नेमके काय घडले तेवढेच कळावे. त्यासाठी काय करावे?

रुग्णालयाच्या प्रशासनाला आणि संसर्गनियंत्रण समितीला लेखी पत्र द्यावे. ‘संसर्ग कसा झाला?’ असा मोघम प्रश्न विचारला, तर उत्तरही मोघम येते. त्याऐवजी प्रतिबंधक डोस किती वाजता दिला, ताप पहिल्यांदा नोंदल्यावर डॉक्टरांना किती वाजता कळवले, त्या महिन्यात त्याच वॉर्डात हाच जीवाणू आणखी कोणाला झाला होता का आणि या घटनेची अंतर्गत चौकशी झाली का, असे वेळ आणि कृतीशी बांधलेले प्रश्न क्रमांक घालून विचारावेत. रुग्ण दगावला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर शवविच्छेदनाचा निर्णय मात्र अंत्यसंस्कारांपूर्वीच घ्यावा लागतो, कारण पत्रोत्तरांतून जे कधीच कळणार नाही ते त्या एका तपासणीतून कळू शकते.